आकड्यांच्या रांगेत बसलेला गोरिला

बेसिक ही संगणकाची भाषा १९६४ साली जन्मली, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक तिचे जनक. गणित-विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हट्ट. तेव्हा चित्रं नव्हतीच. टेलिटाइपवर नुसती अक्षरं उमटत.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याच्या बेसिकमध्ये ‘गेट’ आणि ‘पुट’ अशा दोन आज्ञा होत्या. आधी रेघा-वर्तुळांनी पडद्यावर चित्र काढायचं, मग ‘गेट’ला त्याभोवतीच्या चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे सांगायचे. आतला ठिपकान्‌ठिपका आकडा होऊन ॲरेत जाऊन बसे. ॲरे म्हणजे एकाच नावाची, क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग. सुरुवातीला चित्राची रुंदी आणि उंची, मागोमाग रंग. चार रंगांच्या पडद्यावर २० बाय २० ठिपक्यांचं चित्र १०४ बाइटांत मावे. कप्पे कमी पडले तर काम तिथेच अडे, म्हणून हिशेब आधी करावा लागे.

‘पुट’ची गंमत मला, कविता लिहिणाऱ्याला, अधिक भावते. वेगळं काही सांगितलं नाही तर ती चित्र नुसतं चिकटवत नसे, खालच्या रंगाशी ‘एक्सॉर’ ही क्रिया करून मांडे. तेच चित्र त्याच जागी पुन्हा मांडलं की ते नाहीसं होई आणि मागचा देखावा जसाच्या तसा परते. खोडरबर नकोच! मांडा, पुसा, जरा पुढे मांडा, की चित्र चालू लागे. मागे रंग असला तर मात्र चित्राचे रंग भलतेच दिसत.

१९९१ मध्ये एमएस-डॉस ५ बरोबर क्यूबेसिक आलं आणि सोबत गोरिलाचा खेळ. दोन गोरिला इमारतींच्या गच्चीवरून एकमेकांना केळी फेकून मारतात. हात खाली, डावा वर, उजवा वर अशी त्यांची तीन रूपं आधी काढून ‘गेट’ने तीन ॲरेंत ठेवलेली असत. केळं मात्र थेट आकड्यांतच लिहिलेलं.

आणि हे सगळं उघडं होतं! खेळ फार वेगात पळाला तर कोणता आकडा बदलायचा, हे त्याच्या सुरुवातीच्या टिपणीतच लिहिलेलं होतं. आजचे बहुतेक खेळ असे आतून वाचता येत नाहीत. पुढे विंडोजबरोबर क्यूबेसिक येईनासं झालं. तरी ‘क्यूबी६४’ या मोफत बेसिकमध्ये ‘गेट’ आणि ‘पुट’ आजही चालतात.