ठिपका

तर झालं असं. २००४ साली नोकरीच्या पहिल्या पगारातून घरी केक घेऊन गेलो. आजीला अंडंसुद्धा चालायचं नाही, म्हणून वेष्टनावरचा ठिपका नीट बघून घेतला होता. हिरवा! आजीने अर्धा तुकडा खाल्ला आणि तेवढ्यात बहीण ओरडली, "दादा, हा तपकिरी आहे!" आजी काही बोलली नाही. उठून चूळ भरून आली. पण त्यानंतर मी आणलेलं पाकिटातलं काहीही तिने कधी तोंडाला लावलं नाही.

मला हे दोन रंग एकसारखेच दिसतात, हे पुढे नोकरी बदलताना झालेल्या वैद्यकीय तपासणीत कळलं. गंमत म्हणजे तिथेही ठिपकेच होते. त्यांत दडलेला आकडा काही मला सापडेना.

तेव्हापासून या ठिपक्याचा इतिहास माझ्या मागे लागला आहे.

आपला अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. लेबलवरचा मजकूर त्यातल्या नियमांप्रमाणे इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असायचा. म्हणजे ज्याला वाचता येतं त्याच्यासाठीच. एप्रिल २००० च्या दुरुस्तीने मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकटीत तपकिरी ठिपका सक्तीचा केला. मांस, मासे, अंडी, प्राण्यापासून मिळणारं काहीही त्यात धरलं; दूध आणि दुधाचे पदार्थ तेवढे वगळले. ठिपका कसला, तर लहान पाकिटावर कमीत कमी ३ मिलिमीटरचा!

पण शाकाहारी पदार्थावर तेव्हा काहीच खूण नव्हती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. रिकामी जागा म्हणजे 'नाही', की 'सांगायचं राहिलं'? ही पळवाट बुजवणारी हिरव्या ठिपक्याची अधिसूचना डिसेंबर २००१ मध्ये निघाली, आणि २००२ पासून तो ठिपका पाकिटांवर आला. आता अक्षरओळख नसलेल्या माणसालाही खूण कळणार होती. कल्पना खरंच झकास!

फक्त आकार दोन्हींचा एकच ठेवला. फरक सगळा रंगावर, आणि तोही हिरवा-तपकिरी, म्हणजे नेमक्या ज्या जोडीत माझ्यासारखे फसतात तीच.

ही चूक सुधारायला २०२० साल उजाडलं. त्या वर्षीच्या लेबलच्या नियमांत मांसाहारी खुणेसाठी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण आला. म्हटलं तर एवढासा बदल, पण मधे जवळजवळ वीस वर्षं गेली.

सगळं संपलं असंही नाही. चव वाढवणारा घटक क्रमांक ६३१ मासे-मांसापासूनही बनतो आणि वनस्पतीजन्य पिठापासूनही. नुसत्या आकड्यावरून ग्राहकाला काय कळणार? डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की घटक कितीही कमी असो, तो वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला हे उघड करावं लागेल.

माहिती छापली म्हणजे ती पोचली असं आम्ही संगणकवाले सर्रास धरून चालतो. सरकारनेही तेच केलं. पाकिटावर सगळं होतं, माझ्यापर्यंत आलं नाही, आणि त्याची किंमत आजीने मोजली.

आजी आता नाही. मी मात्र दुकानात अजूनही पाकीट डोळ्यांजवळ नेऊन त्रिकोण शोधतो. मिळाला की बरं वाटतं.

असो.