अख्खं वऱ्हाड मक्त्यावर होतं तेव्हा

पाडवा जवळ आला की आपल्याकडे दोन सौदे ठरतात, सालदाराचा आणि मक्त्याचा. माझी वडिलोपार्जित सात एकर कोरडवाहू मक्त्यावर आहे. मी बातम्या करतो, शेत दुसराच कसतो. मागच्या पाडव्याला तो म्हणाला, "भाऊ, बरडावरचे दोन एकर यंदा पड ठिवतो म्हन्तो. तेवढ्याचा मक्ता नोका घेऊ." मी म्हटलं, मक्ता सात एकरांचा ठरलाय, पेरायचं की नाही ते तुझं तू बघ. मग त्यानं सातही एकर पऱ्हाटी लावली. पावसानं ताण दिला आणि बरडावरची आधी वाळली.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. म्हणून थोडं मागं जाऊन वाचलं.

आपलं अख्खं वऱ्हाडच एकेकाळी मक्त्यावर होतं, हे किती जणांना माहीत आहे? १८५३ साली हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामानं ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं. सौदा बटईसारखा होता, खर्च भागून उरेल ते निजामाचं. पण हिशेबाची वही इंग्रजांकडे. उरणार किती, तुम्हीच ओळखा! ५ नोव्हेंबर १९०२ ला कर्झननं निजाम महबूब अली खान यांच्याकडून कायमचा पट्टा करून घेतला, वर्षाला ठोक २५ लाख रुपये. १८९९-१९०० च्या दुष्काळाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. आता पिको न पिको, पैसे तेवढेच. पण तिथं मक्तेदार साम्राज्य होतं. माझा मक्तेदार एका बैलजोडीचा माणूस आहे.

त्याच इंग्रजांनी रयतेचा सारा ठरवताना मात्र जमीन नीट पाहिली. मुंबई इलाख्याची मोजणीची पद्धत १८६० च्या दशकात वऱ्हाडात आली. पावणेदोन हात खोल उत्तम काळी म्हणजे सोळा आणे. खोली कमी झाली की आणे कमी. चुनखड, उतार, पाणथळ असेल तर आणखी कपात. आज मक्ता ठरवताना काळी आणि बरड एकाच भावात जाते. दीडशे वर्षांपूर्वीचा मोजणीदार आपल्यापेक्षा शहाणा म्हणायचा.

त्या पद्धतीतही एक खोट होती. शेत नावावर आहे तोवर पेरा नाहीतर पड टाका, सारा पूर्ण. पण सारा तीस वर्षांसाठी बांधलेला असे आणि नको असेल तर राजीनामा देऊन शेत सोडता येई. म्हणजे एक वर्ष पड टाकली तर पुढच्या वर्षांत तिचं फळ त्याच माणसाला मिळे. आमचा मक्ता एका वर्षाचा. यंदा पड टाकून जमीन सुधारायची आणि पुढच्या पाडव्याला मालकानं ती दुसऱ्याला द्यायची, असं कोण करेल? शेणखतसुद्धा कोणी टाकत नाही.

त्याआधी मराठी राज्यात इस्तावा होता. पडीत जमीन लागवडीला आणली की पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढत पूर्ण दर. पडीक रान लगेच पिकत नाही, हे दरबाराला कळत होतं.

माझा हिशेब साधा आहे. समजा पेरलेल्या एकराला आठ हजार मक्ता परवडतो आणि बरड चार वर्षांतून एकदा पड ठेवावी लागते. मग चार वर्षांचे त्या एकराचे बत्तीस नाही, चोवीस हजार होतात, म्हणजे वर्षाला सहा. मी आठ घेतो तेव्हा पडीच्या वर्षाचा मक्ता त्याच्या खिशातून काढतो.

यावर उपाय म्हणजे चार-पाच वर्षांचा लेखी करार. पण विदर्भासाठी १९५८ साली वेगळा कूळ कायदा झाला, आणि कागद केला की कूळ लागतं ही भीती मालकांच्या घरात अजून आहे. आमच्याही होती. त्यामुळे सगळं तोंडी. सातबारा माझ्या नावावर, म्हणून नुकसानभरपाई आली तर माझ्या खात्यात, आणि वाळलेली पऱ्हाटी त्याची.

परवा त्याला फोन केला. म्हटलं, यंदा चार वर्षांचा कागद करू. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कागद होत राहीन भाऊ, पयले बरडाचं बोला."