पडण्याचा हक्क

मॅरेथॉनचं अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असतं, हे हल्ली शाळकरी पोरंही सांगतात. पण वरचे हे १९५ मीटर आले कुठून, असं विचारलं की भलेभले गप्प बसतात. उत्तर लंडनमध्ये आहे. १९०८ च्या ऑलिंपिकची मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि लंडनच्या स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. पुढे १९२१ साली तेच अधिकृत ठरलं. राजघराण्याची सोय झाली आणि तेव्हापासून जगभरचे धावपटू ते वाढीव अंतर निमूटपणे धावत आहेत!

त्याच शर्यतीतली दुसरी एक गोष्ट मात्र मला या हिशेबापेक्षा मोलाची वाटते. डोरांडो पिएत्री नावाचा इटालियन धावपटू, पेशाने मिठाईवाला, सगळ्यांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला. दिवस उन्हाळ्याचा, आणि त्याचं भान हरपलेलं. आधी तो चुकीच्या दिशेलाच वळला. मग पडला. उठला, पुन्हा पडला. असं चार-पाच वेळा झालं. शेवटचे साडेतीनशे मीटर जायला त्याला जवळजवळ दहा मिनिटं लागली. अखेर पंचांनी आणि डॉक्टरांनी हाताला धरून त्याला रेषेपार नेलं. मदत घेतली म्हणून तो बाद झाला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. पण लोकांच्या मनातला विजेता डोरांडोच. राणी अलेक्झांड्राने दुसऱ्या दिवशी त्याला खास चषक दिला.

वाचकहो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. डोरांडो पडला म्हणून "पुरुषांच्या शरीराला मॅरेथॉन झेपत नाही" असं कुणी म्हटलं नाही. पुरुषांची मॅरेथॉन कुणी बंद केली नाही. उलट पडूनही तो पोहोचला, याचंच कौतुक झालं.

आता वीस वर्षं पुढे या. १९२८, ॲमस्टरडॅम. ऑलिंपिकमध्ये प्रथमच बायकांना मैदानी शर्यतींत धावायला मिळालं. त्यातली सर्वांत लांबची शर्यत ८०० मीटरची, म्हणजे मैदानाला जेमतेम दोन फेऱ्या. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या. जर्मनीची लीना राडके जिंकली, जपानची किनुए हितोमी दुसरी आली. नऊच्या नऊ जणी पोहोचल्या. जीव तोडून धावल्यावर माणूस धापा टाकतो, एखादा खाली बसतो, तसंच तिथेही झालं. पण काही वर्तमानपत्रांनी लिहिलं की बायका पटापट कोसळल्या, निम्म्याअधिक शर्यत पुरी करू शकल्या नाहीत, दृश्य बघवत नव्हतं. झालं! ऑलिंपिकमधून बायकांची ८०० मीटर शर्यत गेली, ती थेट १९६० साली रोममध्ये परत आली. बत्तीस वर्षं!

एक पुरुष पडला, त्याला चषक. बायका नुसत्या दमल्या, तर त्यांना बंदी. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण न्यायाची दोन मापं इतकी शेजारीशेजारी मांडलेली क्वचितच पाहिली.

हे सगळं परदेशातलं, असं कुणी म्हणू नये. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे शाळेच्या क्रीडास्पर्धांत मुलींसाठी असायचं काय? लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि फार तर शंभर मीटर. एका वर्षी खूप मागे लागून मुलींची ८०० मीटर ठेवून घेतली. आठवीतल्या एका मुलीला शेवटच्या फेरीत चक्कर आली. पोर सकाळपासून उपाशी होती, लिंबू-सरबत घेतल्यावर दहा मिनिटांत हसूखेळू लागली. पण पुढच्या वर्षी ती शर्यत यादीतून गायब. "बाई, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" असा प्रश्न मला विचारला गेला. त्याच दिवशी मुलांच्या शर्यतीत दोघे जण पडले होते, एकाचा गुडघा चांगलाच फुटला होता. त्यांच्या जबाबदारीची चौकशी कुणी केली नाही. मी हे बैठकीत बोलून दाखवलं. सगळे हसले. शर्यत काही परत आली नाही. असो.

तर बॉस्टन. तिथली मॅरेथॉन १८९७ पासून चालू आहे. १९६६ साली बॉबी गिब नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीने आयोजकांकडे प्रवेश मागितला. उत्तर आलं की बायकांना शारीरिकदृष्ट्या मॅरेथॉन झेपणार नाही आणि नियमातही ते बसत नाही. अमेरिकेत तेव्हा बायकांच्या स्पर्धेसाठी दीड मैल ही हद्द होती. ही पोरगी त्याआधी एकटीच डोंगरमाथ्यांवरून, जंगलांतून मैलोन्‌मैल धावलेली. धावायचे बूट बायकांसाठी मिळतच नसत, म्हणून ती नर्सेस वापरत ते पांढरे बूट घालून सराव करायची. कॅलिफोर्नियाहून बसने चार दिवस प्रवास करून ती शर्यतीच्या आदल्या दिवशी घरी पोहोचली. वडिलांना वाटलं, हिचं डोकं फिरलंय. आईने मात्र गाडीत घालून तिला हॉपकिंटनला, शर्यत सुरू होते त्या गावी, सोडलं.

भावाची अर्धी चड्डी, वर टोपीवाला जाड स्वेटशर्ट. सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपांत ती लपून बसली आणि निम्मेअधिक धावपटू पुढे गेल्यावर हळूच त्यांच्यात मिसळली. मागून धावणाऱ्यांच्या थोड्याच वेळात लक्षात आलं की ही मुलगी आहे. तिला उकडत होतं, पण ओळखलं तर हाकलून देतील म्हणून स्वेटशर्ट काढायची भीती. ते पुरुष धावपटू काय म्हणाले असतील? म्हणाले, रस्ता सगळ्यांचा आहे, आम्ही नाही हाकलू देणार. तिने स्वेटशर्ट काढून टाकला. वाटेत वेलस्ली कॉलेजच्या मुलींनी तिला पाहून एकच जल्लोष केला. नव्या बुटांनी पाय सोलवटले होते. पाणी प्यायलं तर पेटके येतात असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून सबंध वाटेत पाण्याचा घोट नाही. तरी ती ३ तास २१ मिनिटांत पोहोचली, बहुसंख्य पुरुषांच्या आधी. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी स्वतः तिच्याशी हस्तांदोलन केलं.

पुढे तिने या अनुभवाबद्दल जे सांगितलं, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाय दुखत होते, वेग मंदावला होता, पण थांबायची सोय नव्हती. मी मध्येच सोडलं तर "बघा, सांगितलं नव्हतं?" असं म्हणायला सगळे मोकळे आणि बायकांची वाट आणखी कित्येक वर्षं बंद, हे ओझं ती डोक्यावर घेऊन धावत होती. शेजारी धावणाऱ्या पुरुषाला पायांत गोळा आला, तर तो आपला रस्त्याकडेला बसून घेई. तो स्वतःपुरताच धावत होता. ही मात्र सगळ्या स्त्रीजातीतर्फे!

दुसऱ्या वर्षीची, १९६७ ची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, कारण तिचं छायाचित्र जगभर गेलं. कॅथरीन स्विट्झर ही सिरॅक्यूज विद्यापीठातली वीस वर्षांची विद्यार्थिनी. तिचा गुरू अर्नी ब्रिग्ज, विद्यापीठात टपाल वाटणारा पन्नाशीचा गृहस्थ. बाईला मॅरेथॉन जमेल यावर आधी त्याचाही विश्वास नव्हता. एके दिवशी सरावात दोघे मिळून ३१ मैल धावले, तेव्हा शुद्ध हरपली ती गुरुजींची! मग त्यानेच आग्रह धरला की रीतसर नाव नोंदवून धावायचं. तिने के. व्ही. स्विट्झर अशी नेहमीची सही करून अर्ज भरला आणि तिला २६१ नंबर मिळाला.

शर्यतीला थोडा वेळ होतो न होतो तोच जॉक सेम्पल हा आयोजकांपैकी तापट गृहस्थ गाडीतून उडी मारून तिच्या अंगावर धावून गेला आणि तिचा नंबर ओढू लागला. तिच्याबरोबर धावणाऱ्या टॉम मिलरने, म्हणजे तिच्या मित्राने, त्याला धडक देऊन बाजूला सारलं. हा मित्र हातोडाफेक करणारा, अंगापिंडाने आडदांड. हे सगळं वार्ताहरांच्या गाडीसमोरच घडलं. ती घाबरली, रडकुंडीला आली. पण तिनेही तेच ठरवलं, हातापायांवर रांगत जावं लागलं तरी पोहोचायचंच. सुमारे ४ तास २० मिनिटांत ती पोहोचली. (त्याच दिवशी बॉबी गिब पुन्हा बिननंबराची धावली आणि हिच्या जवळजवळ तासभर आधी पोहोचली. तिला कुणी ओढलं नाही, म्हणून तिचं छायाचित्र गाजलं नाही. इतिहास असाही लिहिला जातो.)

बॉस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२ साली. आठ जणी धावल्या आणि नीना कुस्किक पहिली आली. या नीनाबाईंची आणखी एक गोष्ट सांगतो, तीही न्यूयॉर्कची. तिथली पहिली मॅरेथॉन १९७० साली सेंट्रल पार्कच्या आत फेऱ्या मारून झाली. १२७ जणांनी सुरुवात केली, ५५ जण पोहोचले. म्हणजे ७२ जणांनी वाटेत सोडलं. त्या १२७ जणांत बाई एकच, नीना. आजारी असल्यामुळे तिलाही सोडावं लागलं. आता हिशेब करा. ७१ पुरुषांनी शर्यत अर्धवट टाकली, त्यावरून पुरुषांविषयी कुणी काही निष्कर्ष काढला नाही.

त्याच न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली नियम निघाला की बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी, वेगळं धावावं. नीना आणि इतर पाच जणींनी युक्ती केली. बायकांसाठी पिस्तूल वाजलं तेव्हा त्या हातात फलक घेऊन रेषेवर चक्क बसून राहिल्या. दहा मिनिटांनी पुरुषांसाठी वाजलं, तेव्हा उठल्या आणि त्यांच्याबरोबर धावल्या. त्यांच्या वेळेत दहा मिनिटं वाढवून लावली गेली. सत्याग्रह याहून वेगळा काय असतो?

अखेर १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची पहिली मॅरेथॉन झाली. डोरांडोला शहात्तर वर्षं झाली होती! अमेरिकेच्या जोन बेनॉइटने ती २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. पण माझ्या या लेखाचा शेवट तिच्या मागून वीसेक मिनिटांनी स्टेडियममध्ये शिरलेल्या बाईपाशी आहे. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस, वय ३९. उन्हाने तिची दशा झालेली. शरीर एका बाजूला वाकलेलं, एक हात लुळा, पावलं वेडीवाकडी. डॉक्टर धावले, तिने हातानेच त्यांना दूर राहायला सांगितलं. हात लावला की ती बाद होणार. तिला अजून घाम येतोय एवढं पाहून डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं आणि ते शेजारून चालत राहिले. शेवटच्या फेरीला पावणेसहा मिनिटं लागली. रेषा ओलांडली आणि ती डॉक्टरांच्या हातांवर कोसळली. ३७ वा क्रमांक.

पुन्हा तसंच ऊन, तसंच स्टेडियम, तसंच झोकांड्या खाणारं शरीर. १९२८ साली याच्या शतांशही घडलं नव्हतं, तरी शर्यत बंद झाली. या खेपेला सगळं स्टेडियम तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. "बायकांची मॅरेथॉन बंद करा" हे पालुपद या वेळी चाललं नाही. चार वर्षांनी सेऊलला बायका पुन्हा मॅरेथॉन धावल्या. उलट पुढे नियम सुधारला. डॉक्टरने तपासायला हात लावला, एवढ्यावरून धावपटू बाद होत नाही असं ठरलं.

आपण नेहमी म्हणतो की बायकांनी जिंकून स्वतःला सिद्ध केलं. ते खरंच आहे. पण मला वाटतं, बरोबरी जिंकण्याने पुरी होत नाही. जिंकणाऱ्या बाईला "अपवाद" म्हणून बाजूला ठेवता येतं. बरोबरी पुरी होते ती पडणाऱ्या बाईपाशी. ती पडली तर ती एकटी पडली, तिच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या जणी नव्हे, असं लोक मानू लागतात तेव्हा. गॅब्रिएलाला बॉबी गिबपेक्षा एक गोष्ट जास्त मिळाली होती, पडण्याचा हक्क. आणि तो तिला बॉबी, कॅथरीन, नीना यांनी न थांबता धावून मिळवून दिला होता.

मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई, काही वर्षांपूर्वी तीत पूर्ण अंतर धावायला उतरली. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, पस्तीसेक किलोमीटर झाल्यावर. त्या चढाच्या अलीकडेच पायात गोळे आले आणि तिने शर्यत सोडली. संध्याकाळी तिचा फोन आला. "बाई, यंदा नाही जमलं. खूप दुखले पाय. घरी येऊन दोन वाट्या आमटी-भात खाल्ला आणि झोपले. पुढच्या वर्षी बघू."

आवाजात कसलंही ओझं नव्हतं. मी तिला म्हटलं, "शाब्बास!" ती हसून म्हणाली, "बाई, मी पोहोचले नाही म्हणून सांगतेय!"

मी म्हटलं, "ऐकलं मी. त्यासाठीच म्हणाले."