नीतिमत्त्वाचा सिद्धांत (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

पापी माणूस देवापुढे कशाच्या बळावर नीतिमान ठरतो, त्यात देवाच्या कृपेचा व माणसाच्या इच्छेचा वाटा किती, आणि यासंबंधी अंतिम निर्णय देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांची ख्रिस्ती धर्मशास्त्रातील मांडणी. सोळाव्या शतकात पश्चिम यूरोपातील ख्रिस्तमंडळी दुभंगली ती मुख्यतः याच प्रश्नांवर. कॅथलिक पंथ कर्माने तारण मानतो आणि प्रॉटेस्टंट पंथ श्रद्धेने, ही प्रचलित विभागणी ढोबळ असून दिशाभूल करणारी आहे. कृपेवाचून तारण नाही, याविषयी दोन्ही पक्षांत वाद नव्हता. कृपा माणसात नेमके काय घडवते, हा वादाचा विषय होता.

पार्श्वभूमी : दोन्ही पक्ष आपला वारसा संत पॉलच्या पत्रांकडे व ऑगस्टीनकडे (३५४–४३०) नेतात. माणूस स्वतःच्या प्रयत्नाने निष्पाप राहू शकतो, या पेलेजियसच्या मताविरुद्ध ऑगस्टीनने लिहिले; कार्थेज (४१८) व ऑरेंज (५२९) येथील धर्मसभांनी कृपेच्या अग्रक्रमाला मान्यता दिली. ऑरेंजचे निर्णय मध्ययुगाच्या उत्तरार्धात जवळजवळ विस्मृतीत गेले होते, हे पुढील गोंधळाचे एक कारण मानले जाते.

ल्यूथर आणि कॅल्व्हिन : मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा विटेनबर्ग विद्यापीठात बायबल शिकवणारा, ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघाचा संन्यासी. रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी दंडमोचनपत्रे विकली जात होती. त्यांविरुद्ध त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ प्रमेये मांडली. या प्रमेयांत श्रद्धेचा सिद्धांत अजून पूर्ण आकाराला आलेला नाही. पुढील तीन-चार वर्षांत तो स्पष्ट झाला : ख्रिस्ताचे नीतिमत्त्व देव श्रद्धावंताच्या खाती धरतो; माणूस एकाच वेळी नीतिमान व पापी असतो; सत्कृत्ये ही तारणाचे कारण नसून त्याचे फळ होत. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या चौथ्या कलमात ल्यूथरचा सहकारी मेलांक्थोन याने ही भूमिका सौम्य शब्दांत नोंदवली. इच्छास्वातंत्र्याच्या प्रश्नावर मानवतावादी विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये ल्यूथरला विरोध केला व ल्यूथरने दुसऱ्याच वर्षी त्याला उत्तर दिले.

झां कॅल्व्हिनने (१५०९–६४) पूर्वनियतीचा सिद्धांत, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवले आहे हे मत, अधिक काटेकोरपणे मांडला. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी त्याला घेतलेले आक्षेप डॉर्टच्या सभेने (१६१८–१९) फेटाळले.

रेगेन्सबर्गची बोलणी (१५४१) : सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पुढाकाराने दोन्ही बाजूंचे तीन-तीन धर्मपंडित रेगेन्सबर्ग येथे एकत्र आले. कॅथलिक बाजूस एक (Eck), ग्रोपर व प्फ्लुग होते, तर प्रॉटेस्टंट बाजूस मेलांक्थोन, ब्युत्सर व पिस्टोरियस. पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कोंतारीनी स्वतः समेटाच्या बाजूचा होता. नीतिमत्त्वावरील पाचव्या कलमावर सहाही जणांचे एकमत झाले. ख्रिस्ताचे, माणसाच्या नावे जमा होणारे नीतिमत्त्व आणि माणसात प्रत्यक्ष रुजणारे नीतिमत्त्व, अशी दोन्ही त्या कलमात शेजारी-शेजारी ठेवली होती. ल्यूथरला ते ठिगळकाम वाटले आणि रोमनेही ते स्वीकारले नाही. बोलणी मोडली ती मात्र या कलमावर नव्हे. शास्त्रवचनाचा अर्थ लावण्याचा धर्मसभांचा अधिकार आणि प्रभुभोजनातील भाकरीचे ख्रिस्तदेहात होणारे परिवर्तन या दोन मुद्द्यांवर कोणीही मागे हटेना. सुधारणायुगाच्या इतिहासात या घटनेला मिळते त्याहून अधिक महत्त्व दिले पाहिजे.

ट्रेंट परिषदेचे सहावे अधिवेशन : १३ डिसेंबर १५४५ रोजी उत्तर इटलीतील ट्रेंट येथे कॅथलिक चर्चची परिषद सुरू झाली, तेव्हा जेमतेम तीसएक धर्माध्यक्ष हजर होते. देल मोंते, चेर्वीनी व इंग्रज कार्डिनल पोल हे पोपचे तीन प्रतिनिधी अध्यक्षस्थानी होते. त्यांपैकी पहिले दोघे पुढे पोप झाले. नीतिमत्त्वावरील चर्चा जून १५४६ मध्ये सुरू झाली व सुमारे सात महिने चालली. ऑगस्टीन संघाचा प्रमुख सेरीपांदो, म्हणजे ल्यूथरच्याच संघाचा माणूस, याने रेगेन्सबर्गच्या धर्तीवर दुहेरी नीतिमत्त्वाची बाजू लढवली. माणसात रुजलेले नीतिमत्त्व अपुरेच राहते, म्हणून न्यायाच्या वेळी माणसाने ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वाचा आधार मागावा, असा त्याचा युक्तिवाद. येशूसंघीय लाइनेझने तो खोडून काढला आणि परिषदेचे बहुमत लाइनेझच्या बाजूला गेले. पोल आजारपणाचे कारण देऊन आधीच ट्रेंटहून निघून गेला होता. खरे कारण आजार की मसुद्याविषयीची नाराजी, यावर चरित्रकारांत मतभेद आहेत.

१३ जानेवारी १५४७ रोजी सहाव्या अधिवेशनात मंजूर झालेल्या ठरावात १६ प्रकरणे व ३३ निषेधसूत्रे आहेत. पहिल्याच सूत्राने, कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्माने माणूस नीतिमान ठरतो, असे मानणाऱ्याला बहिष्कृत केले आहे. काही प्रॉटेस्टंट लेखक हे सूत्र गाळतात आणि नवव्या सूत्रापासून, म्हणजे ‘केवळ श्रद्धा’ नाकारणाऱ्या सूत्रापासून, उद्धृत करू लागतात. सातव्या प्रकरणात ॲरिस्टॉटलच्या पद्धतीने कारणे मांडली आहेत : देवाची व ख्रिस्ताची महती आणि चिरंतन जीवन हे अंतिम कारण, दयाळू देव हे कर्तृकारण, ख्रिस्ताचे दुःखसहन हे पुण्यकारण आणि बाप्तिस्मा हे साधनकारण. श्रद्धा ही तारणाचा प्रारंभ व मूळ. परंतु आशा व प्रीती यांच्यावाचून ती माणसाला ख्रिस्ताशी पूर्णपणे जोडत नाही. आपण तरलो आहोत, अशी खात्री विशेष साक्षात्काराशिवाय कोणाला बाळगता येत नाही. ल्यूथरच्या दृष्टीने नेमकी हीच खात्री श्रद्धेचा गाभा होती आणि उभय पक्षांतील सर्वांत खोल दरी येथे आहे, असे म्हणता येईल.

धर्मसत्ता : १५१९ मध्ये लाइपसिग येथील वादात वर उल्लेखिलेल्या एकने (Eck) ल्यूथरकडून वदवून घेतले, की धर्मसभाही चुकू शकतात. वर्षभरातच पोप दहाव्या लिओने ल्यूथरच्या ४१ विधानांचा निषेध केला (१५२०). ल्यूथरने पोपचे ते निषेधपत्र जाहीरपणे जाळले आणि जानेवारी १५२१ मध्ये तो बहिष्कृत झाला. ट्रेंटने १५४६ मध्ये शास्त्रवचन व प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा यांना समान आदराने स्वीकारले. हे दोन स्वतंत्र उगम मानले होते किंवा नाही, हे विवाद्य आहे. पोपच्या अधिकाराची व्याख्या करणे मात्र ट्रेंटने टाळले. धर्माध्यक्षाचा अधिकार थेट देवाकडून की पोपमार्फत, यावर १५६२–६३ मध्ये परिषद फुटायची वेळ आली आणि प्रश्न तसाच सोडला गेला. पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धांत १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेत घोषित झाला. म्हणजे कृपेवरील कॅथलिक उत्तर तीन शतके आधी तयार होते, अधिकारावरील नव्हते.

उत्तरकाल : डोमिनिकन व येशूसंघीय यांच्यात कृपा आणि इच्छास्वातंत्र्यावर पेटलेला वाद पोप पाचव्या पॉलने १६०७ मध्ये निर्णय न देता थांबवला. धर्माध्यक्ष यान्सेनच्या ऑगस्टीनवरील ग्रंथातून (१६४०) उद्भवलेला कृपेविषयीचा वाद फ्रान्समध्ये शतकभर पुरला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने सहसा या चौकटीत विचार केलेला नाही.

महाराष्ट्र व गोवा : ट्रेंटचे निर्णय गोव्यात १५६७ च्या प्रांतिक धर्मसभेमार्फत आले, तर प्रॉटेस्टंट शिकवण मुंबईत १८१३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनमार्फत. वसई-गोव्याचे कॅथलिक व अहमदनगरकडील प्रॉटेस्टंट यांच्यात या सिद्धांतावर थेट वाद फारसा झालेला दिसत नाही. अधिकाराच्या प्रश्नाला मात्र पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात (प्रकाशन १९७७) ठळक स्थान आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटल्यावर दुसऱ्याच्या आज्ञेत राहण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी आपल्या धर्ममाता भगिनी जेराल्डीन यांना स्पष्ट कळवले आणि बायबल वाचून स्वतः निर्णय करण्याचा हक्क सोडला नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला व ख्रिस्त नंतर, अशी नोंद त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात केली आहे. ख्रिस्ती मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून स्थापलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही प्रवेश होता.

संयुक्त जाहीरनामा : ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे व्हॅटिकन व जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी नीतिमत्त्वाच्या सिद्धांतावरील संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. यातील मांडणीला सोळाव्या शतकातील परस्परनिषेध लागू होत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. जर्मनीतील दीडशेहून अधिक प्रॉटेस्टंट धर्मपंडितांनी मसुद्याला जाहीर विरोध केला होता. मेथडिस्ट २००६ मध्ये व कॅल्व्हिनच्या परंपरेतील रिफॉर्म्ड चर्चेस २०१७ मध्ये जाहीरनाम्यात सामील झाली. धर्मसत्तेचा प्रश्न जाहीरनाम्याने पुढील चर्चेसाठी राखून ठेवला असून कॅथलिक व ल्यूथरन मंडळींत सर्वसाधारण सहप्रभुभोजनाला अद्याप मान्यता नाही.