लोणारचे खारे पाणी

श्रोतेहो, आपल्या दोंडाईच्याकडे विहीर खणताना काळा कातळ लागला, की सुरुंगाशिवाय काम पुढे सरकत नाही. बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे याच काळ्या कातळाला खड्डा पडला आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून सुमारे १३७ मीटर खोल. हा कोणी खणला?

जुनी माणसे सांगत, विष्णूने लवणासुराला तेथे मारले. लोणारचे दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे पुष्कळ जण तिला ज्वालामुखीचे तोंड समजत. प्रचंड दाबाने काचेसारखे झालेले खनिज तेथे सापडले, तेव्हा १९७३ साली शास्त्रज्ञांनी निर्वाळा दिला, की आकाशातून उल्का आदळली होती.

आता पाणी खारे का? निचरा नसला म्हणजे शेत खारवटते, हे तुम्ही जाणताच. तेथेही तसेच आहे. झरे आत येतात, पण बाहेर वाट नाही. ऊन पाणी उडवते, क्षार मागे राहतात. साबण आणि काच करण्याजोगे जिन्नस तेथे मिळतात, असे 'ऐने अकबरी'तही लिहिले आहे.

असले पाणी पिण्याच्या कामाचे नाही, माशांनाही सहसा मानवत नाही. म्हणून ते निर्जीव मात्र समजू नका. त्यात नीलहरित शेवाळ वाढते, म्हणून पाणी हिरवे दिसते. जून २०२० मध्ये पाणी आटून खारेपणा वाढला, तेव्हा ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासले, तर हा रंग मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांचा निघाला. पाऊस पडल्यावर तो ओसरला. भोवतालच्या रानात मोर आहेत, लांडगा आहे. पक्ष्यांच्या सुमारे १६० जाती नोंदल्या आहेत. २००० साली हे अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर यादीत गेले.

पण एक धोका आहे. गावाचे सांडपाणी आणि वाजवीपेक्षा जास्त गोडे पाणी आत शिरले, तर खारेपणा उतरतो आणि त्यावर जगणारे जीव संपतात. गोडे पाणी एरवी पुण्याचे. येथे त्याचाच अतिरेक घातक ठरतो.

गुरुजनहो, शाळेच्या ओसरीवर एका ताटलीत मिठाचे पाणी उन्हात ठेवा. चार दिवसांनी मागे राहिलेला पांढरा थर मुलांना दाखवा, आणि मग लोणारचा नकाशा उघडा.