वेस्टफेलियाचा तह: देशांचं सार्वभौमत्व खरंच १६४८ मध्ये जन्माला आलं का?

‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, इतरांनी यात पडू नये’ असं एखादं सरकार म्हणतं, तेव्हा जाणकारांच्या चर्चेत एक नाव हमखास येतं: वेस्टफेलिया. सार्वभौम देशांची आजची व्यवस्था १६४८ च्या या तहातून आली, असं राज्यशास्त्राची अनेक पुस्तकं सांगतात. तहातली कलमं मात्र वेगळंच काही सांगतात.

मध्य युरोपात १६१८ पासून ‘तीस वर्षांचं युद्ध’ सुरू होतं. सुरुवात धर्माच्या वादातून झाली, पण पुढे कॅथलिक फ्रान्स चक्क प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने उतरला. अखेर आजच्या जर्मनीतल्या म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक या शहरांत वाटाघाटी होऊन २४ ऑक्टोबर १६४८ रोजी करारांवर सह्या झाल्या.

आता गंमत बघा. १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने राजाचा पंथ तोच प्रजेचा पंथ, असं तत्त्व मान्य केलं होतं. वेस्टफेलियाने राज्यकर्त्यांच्या या अधिकाराला उलट वेसण घातली. १६२४ साली जिथे जो पंथ होता, ती स्थिती प्रमाण मानली गेली. राजाने पुढे पंथ बदलला म्हणून प्रजेने बदलायची गरज उरली नाही. (हाब्सबर्ग घराण्याने स्वतःच्या मुलखासाठी मात्र बरीच सूट मिळवली.) तहाचे हमीदार होते फ्रान्स आणि स्वीडन, म्हणजे बाहेरच्या सत्ता! ज्याचं नाव ‘हस्तक्षेप नको’ म्हणून घेतलं जातं, त्याच तहात हस्तक्षेपाची सोय होती. जर्मन संस्थानिकांना परकीयांशी करार करता येत, पण सम्राटाच्या विरोधात नाही. ते साम्राज्यही १८०६ पर्यंत टिकलं.

मग हे तत्त्व आलं कुठून? कायदेपंडित एमेर द व्हॅटेल यांनी १७५८ च्या ग्रंथात ते ठळकपणे मांडलं. युरोपीय सत्तांनी आशिया-आफ्रिकेत ते पाळलं नाही, हे सांगायला नकोच. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत कलम २ मध्ये ते लिखित नियम झालं. भारत-चीनच्या १९५४ च्या पंचशील करारातही ते आहे, कारण नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना बड्या सत्तांपुढे हीच ढाल होती.

पण स्वतःच्याच जनतेवर अत्याचार करणारं सरकारही या ढालीमागे लपू शकतं. म्हणून २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘संरक्षणाची जबाबदारी’ ही संकल्पना स्वीकारली. २०११ मध्ये लिबियातल्या नागरिकांच्या रक्षणासाठी बळाच्या वापराला परवानगी देणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा १० देशांनी बाजूने मत दिलं. भारत, चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझील तटस्थ राहिले.