आर्माची टेकडी

आगगाडीत बसताना आपण सुरक्षिततेचा विचार क्वचितच करतो, आणि ते एका परीने बरेच आहे. प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरून बसावे लागले, तर काशीही नको आणि माहेरही नको, असे होऊन जाईल! परंतु हा निर्धास्तपणा आपल्याला कोठून मिळाला हे शोधू लागलो, म्हणजे मला आयर्लंडमधील आर्मा या गावापाशी जाऊन थांबावे लागते.

12 जून 1889 चा दिवस. चर्चच्या रविवार-शाळेतील मुले वडीलधाऱ्यांसह समुद्रकाठी सहलीला निघाली होती. माणसे सुमारे 940, डबे 15 आणि इंजिन एक. गावाबाहेर 75 फुटांना 1 फूट असा चढ लागला, आणि माथा जवळ आला असताना इंजिनाची दमछाक होऊन गाडी उभी राहिली. तेव्हा असे ठरले की, गाडीचे दोन भाग करावे. पुढचे 5 डबे पुढल्या स्टेशनात ठेवून यावे आणि मग उरलेले 10 न्यावे.

खरी गोम येथेच आहे. गाडीला ब्रेक होता. पण इंजिनाने नळीतील हवा ओढून घेतली तरच तो लागे. जोड सुटली की ब्रेकही गेला! मागच्या डब्यांना आधार उरला तो गार्डाच्या हातब्रेकाचा आणि चाकांखाली लावलेल्या दगडांचा. पुढचा भाग सुटताना किंचित मागे सरकला. त्या धक्क्याने चाके दगडांवरून गेली आणि डबे उतारावरून धावत सुटले. बिनतिकिटाने कोणी चढू नये म्हणून दारांना कुलपे होती. खालून दुसरी गाडी येत होती. कारण त्या मार्गावर पुढची गाडी कोठवर पोचली हे न पाहता, ठरावीक मिनिटे गेली की मागची सोडीत. 80 माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती.

यावरचे उपाय कोणास ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. सरकारी तपासनीस ते कित्येक वर्षे सांगत होते. पण खर्चाकडे बोट दाखवून कंपन्या चालढकल करीत. आर्मानंतर तीन महिन्यांच्या आत पार्लमेंटने कायदा करून तीन गोष्टींची सक्ती केली: मार्गाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, सिग्नल आणि सांधे परस्परांत अडकविलेले, आणि नळी तुटताच आपोआप लागणारा ब्रेक.

यांतील तिसरी गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. डब्यातील साखळी ओढली की गाडी थांबते, ती याच तत्त्वावर. पूर्वी निर्वाताचा ब्रेक होता, आता दाबलेल्या हवेचा आहे, न्याय तोच. बोरघाटात 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे, तरी मुंबई-पुण्याची मंडळी तेथे कर्जतचा वडा खुशाल खात असतात!

तथापि कायदा एकदा केला म्हणजे काम संपत नाही. 2 जून 2023 रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे सिग्नल सरळ मार्गाचा मिळाला, पण सांधा बाजूच्या मार्गाला लागलेला होता. 290 हून अधिक माणसे गेली. चौकशीत सिग्नलच्या तारांच्या जोडणीतील चुका उघड झाल्या. म्हणजे 1889 चे दुसरे कलमच तेथे फसले होते.

यंदाही लक्ष्मीपूजनाच्या रात्री कितीतरी माणसे सिग्नलवर डोळा ठेवून जागत बसतील. माहेरी आलेली लेक सुखरूप पोचली, म्हणजे त्यांचीही आठवण व्हावी. आणि सुरक्षिततेला खर्च फार येतो असे कोणी म्हणू लागला, की मला ते चाकांखालचे दगड आठवतात.